मोठी अलॉय चाके आणि कमी केलेली उंची: मोजमाप रिकाम्या गाडीवर करू नये

प्रश्न असा आहे. पाच माणसांची एक साधी हॅचबॅक आहे. तिला मूळची १५ इंची लोखंडी चाके आणि १८५/६५ आर १५ मापाचे टायर आहेत, म्हणजे रुंदी १८५ मि.मी., साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के आणि रिम १५ इंची. त्यांच्या जागी १७ इंची अलॉय चाके बसवायची आहेत आणि स्प्रिंग बदलून गाडी ४० मिलिमीटर खाली घ्यायची आहे. गाडी रोज घरातली माणसे वाहते आणि सुट्टीत डिकी भरून लांबच्या प्रवासालाही जाते. टायर घासतील का आणि स्प्रिंगबरोबर शॉक ॲब्झॉर्बरही बदलावे लागतील का, एवढेच प्रश्नकर्त्याने विचारले आहे.

आधी उत्तर देतो, कारणे नंतर. ४० मि.मी.चा विचार सोडून द्यावा. २५ मि.मी.पर्यंत जाता येईल, पण त्या उंचीसाठीच बनवलेल्या शॉक ॲब्झॉर्बरसह आणि मागची सीट भरून मोजमाप केल्यानंतरच. चाके १६ इंची घेतली तर फारसे काही गमवावे लागणार नाही. १७ इंचीही बसतात, पण त्यांच्या टायरवर एक विशिष्ट खूण असल्याशिवाय ती घेऊ नयेत. त्या खुणेविषयी पुढे लिहिले आहे. टायर घासतो की नाही हे कळायला एक दुपार पुरते. गाडी भरल्यावर स्प्रिंगला दबायला जागा उरते की नाही, हा त्याआधीचा प्रश्न आहे, आणि तो सहसा कोणी विचारत नाही, कारण उंची कमी करण्याचे मोजमाप जवळजवळ नेहमी रिकाम्या गाडीवर होते. सस्पेन्शनच्या कामात इतकी वर्षे काढल्यावर माझे मत असे झाले आहे की, कुटुंबाच्या गाडीतले बहुतेक फसलेले बदल या एकाच चुकीतून फसतात.

एक हिशेब करून पाहू. खड्ड्यात किंवा उंचवट्यावर चाक वर उचलले जाते तेव्हा ते बंप स्टॉपला, म्हणजे शॉक ॲब्झॉर्बरच्या दांड्यावरच्या रबरी किंवा फोमच्या ठोकळ्याला, टेकेपर्यंत त्याला मोकळे अंतर मिळते. रिकाम्या गाडीत मागच्या चाकाला हे अंतर ८० मि.मी. आहे आणि चाकापाशी मोजलेला स्प्रिंगचा ताठपणा दर मिलिमीटरला २० न्यूटन आहे, असे हिशेबापुरते धरू. मागे तीन माणसे बसली आणि डिकी भरली की प्रत्येक मागच्या चाकावर सुमारे १०० किलो वजन वाढते, म्हणजे ९८१ न्यूटन. तेवढ्या भाराने मागची बाजू ४९ मि.मी. बसते आणि खड्ड्यांसाठी ३१ मि.मी. उरतात. कारखान्याने गाडी बनवताना हेच ३१ मि.मी. राखून ठेवलेले असतात. आता २५ टक्के ताठ स्प्रिंग लावून गाडी ४० मि.मी. खाली घेतली, असे समजा. मोकळे अंतर ४० वर आले. त्याच भाराने नवी स्प्रिंग ३९ मि.मी. दबते, उरला एक मिलिमीटर. गाडी दारात उभी असताना देखणी दिसेल, पण घरातली सगळी माणसे आत बसल्यावर ती स्प्रिंगवर नव्हे तर बंप स्टॉपवर चालेल.

स्प्रिंग आणखी ताठ घेऊन हे भरून काढता येते का, असा प्रश्न यावर नेहमी येतो. आकडेच त्याचे उत्तर देतात. भरलेल्या गाडीत मूळचे ३१ मि.मी. शिल्लक ठेवून ४० मि.मी. खाली जायचे असेल, तर १०० किलोंच्या भाराने स्प्रिंग फक्त ९ मि.मी. दबली पाहिजे, त्यासाठी तिचा ताठपणा मूळच्या पाचपटीहून जास्त लागेल आणि अशा गाडीत मागच्या सीटवर लहान मूल बसवणे क्रौर्य ठरेल. २५ मि.मी.साठी तीच अट दुपटीच्या आसपास येते. १५ मि.मी.साठी मात्र सुमारे दीडपट ताठपणा पुरतो, आणि तो बसणाऱ्याला जाणवला तरी सहन होण्यासारखा असतो. व्यवहारात आपण ३१ मि.मी.चा हट्ट थोडा सोडतो, निम्म्यावर समाधान मानतो आणि त्या निम्म्यासाठी रस्ता जरा जपून निवडतो, २५ मि.मी.ची मर्यादा मी सांगितली ती या तडजोडीतून आली आहे, दिसण्यातून नाही.

बंप स्टॉपवर टेकणे ही केवळ गैरसोय नाही. चाक ठोकळ्याला भिडले की सस्पेन्शनचा ताठपणा क्षणात कितीतरी पटींनी वाढतो. वळणावर मागच्या बाहेरच्या चाकाच्या बाबतीत असे घडले, तर त्या चाकावर एकदम जादा भार येतो, टायरची पकड सुटते आणि गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो. पुढच्या चाकाच्या बाबतीत घडले, तर स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळ जाऊ लागते. उंची कमी केल्याने गाडी वळणावर चिकटून चालते हे रिकाम्या गाडीतला एकटा चालक खरेपणाने सांगत असतो. तीच गाडी भरल्यावर उलटे वागू शकते, आणि तो अनुभव नेमका सहकुटुंब प्रवासात येतो.

आपल्या गाडीत खरोखर किती अंतर आहे, हे पाहण्याची युक्ती सोपी आहे. शॉक ॲब्झॉर्बरवरचे धुळीचे आवरण वर सरकवावे, चकाकणाऱ्या दांड्यावर प्लास्टिकची एक बारीक पट्टी, ज्याने वायर बांधतात ती, घट्ट पण सरकेल अशी बांधावी आणि ती खाली नळीला टेकवून ठेवावी. मग सगळी माणसे आणि सामान घेऊन नेहमीच्या रस्त्याने गाडी फिरवून आणावी. पट्टी दांड्यावर जिथे थांबलेली दिसेल, तिथपर्यंत सस्पेन्शन दबले होते. पट्टी आणि बंप स्टॉप यांच्यामधले अंतर हीच आपली खरी शिल्लक होय. दांडा तिरपा असेल किंवा शॉक ॲब्झॉर्बर चाकापासून आत बसवलेला असेल, तर दांड्यावरचे माप आणि चाकाचे माप सारखे नसते, एवढे लक्षात ठेवावे. मूळ स्प्रिंगवरच ही पट्टी बंप स्टॉपला जाऊन भिडली असेल, तर उंची कमी करण्याचा विषय तिथेच संपतो.

आता शॉक ॲब्झॉर्बर. होय, बदलावे लागतात, आणि त्याची दोन स्वतंत्र कारणे आहेत. पहिले कारण लांबीचे. मूळ शॉक ॲब्झॉर्बर मूळ उंचीसाठी कापलेला असतो. आखूड स्प्रिंगवर त्याचा दांडा कायम आत ढकललेला राहतो आणि चाक हवेत लोंबकळले की दांडा पूर्ण बाहेर येतो, पण स्प्रिंग तेवढी लांब नसते, त्यामुळे ती आपल्या बैठकीत सैल होते. जॅकवर गाडी पूर्ण उचलून स्प्रिंग हाताने हलवून पाहावी. ती जागच्या जागी फिरत असेल तर जोडी चुकीची आहे. दुसरे कारण आवर घालण्याचे. दबलेली स्प्रिंग परत उसळते तेव्हा तिला शॉक ॲब्झॉर्बर रोखतो. स्प्रिंग २५ टक्के ताठ झाली की तिला तितक्याच चांगल्या रीतीने आवरण्यासाठी सुमारे १२ टक्के अधिक अवरोध लागतो, आणि तो मुख्यतः उसळीच्या बाजूला लागतो. नव्या शॉक ॲब्झॉर्बरमध्ये हा फरक चालून जाईलही. ६०-७० हजार किलोमीटर चाललेला जुना शॉक ॲब्झॉर्बर मूळ स्प्रिंगलाच धड आवरत नसतो, त्याच्यावर ताठ स्प्रिंग लादली की गाडी खड्ड्यानंतर दोनतीनदा डोलत राहते.

स्प्रिंग कापून किंवा तापवून उंची कमी करण्याचा मार्ग स्वस्त म्हणून सुचवला जातो. सहा कार्यरत वेढ्यांपैकी एक कापला की ताठपणा २० टक्के वाढतो, हे गणित बरोबर आहे. पण कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही, भार एका कडेला येतो आणि चाक लोंबकळल्यावर स्प्रिंग जागेवरून निसटू शकते. तापवलेल्या स्प्रिंगचे पोलादच नरम पडते, मग ती कोणत्या बाजूला किती बसेल हे कोणीही सांगू शकत नाही. माझ्याकडे अशा गाड्या परत मूळ स्थितीला आणण्यासाठी आल्या आहेत. कापलेल्या स्प्रिंगची एकही गाडी चारही कोपऱ्यांवर समतोल उभी असलेली मला आठवत नाही.

स्प्रिंग आणि शॉक ॲब्झॉर्बर बदलले म्हणजे काम संपले, असेही नाही, कारण उंचीबरोबर चाकाला धरून ठेवणाऱ्या सगळ्या दांड्यांचे कोन बदलतात. बहुतेक हॅचबॅकना पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक ॲब्झॉर्बर एकत्र असलेला उभा खांब, असतो. त्यात लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून गाडीशी जोडणारा दांडा, मूळ उंचीवर बाहेरच्या टोकाकडे किंचित उतरता किंवा जवळपास आडवा असतो. गाडी खाली घेतली की तो बाहेरच्या टोकाकडे चढता होतो. याचे दोन परिणाम आहेत. एक म्हणजे रोल सेंटर, ज्या बिंदूभोवती गाडीची बॉडी वळणावर कलते तो बिंदू, गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातो; दोघांमधले अंतर वाढते आणि त्या अंतराच्या तरफेने बॉडी अधिक कलू पाहते. स्प्रिंग ताठ असल्यामुळे ते लगेच दिसत नाही, इतकेच. दुसरा परिणाम असा की, वळणावर दबणाऱ्या चाकाला मिळणारा उपयुक्त निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाकाच्या वरच्या टोकाचा आतल्या बाजूचा कल, कमी होत जातो. टाय रॉड (स्टिअरिंगचे वळण चाकापर्यंत नेणारा दांडा) आणि लोअर आर्म यांचे कोन सारख्या प्रमाणात बदलले नाहीत, तर दर खड्ड्याला चाक स्वतःहून थोडे वळते आणि सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग सतत सावरावे लागते. १५-२० मि.मी.पर्यंत हे सगळे किरकोळ असते. ४० मि.मी.वर ते हातात जाणवते.

मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी आडवी तुळई, असेल तर भूमिती फार बिघडत नाही, पण तिथे कॅम्बर आणि टो (वरून पाहिल्यावर चाकाचा आत किंवा बाहेर वळलेला कोन) सहसा जुळवताही येत नाहीत. पॅनहार्ड रॉड असलेल्या मागच्या आसाचा प्रकार वेगळा आहे: हा रॉड एका टोकाला बॉडीशी आणि दुसऱ्या टोकाला आसाशी जोडलेला असतो, त्यामुळे उंची बदलली की तो चापाकार फिरतो आणि सबंध आस काही मिलिमीटर एका बाजूला सरकतो. मग एका बाजूचा टायर मडगार्डला घासतो, दुसऱ्या बाजूचा घासत नाही, आणि मालक चाकाच्या मापाला दोष देत राहतो.

इथे एक अनुभव सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एक ग्राहक, दुसरीकडे उंची कमी करून घेतलेली गाडी घेऊन आला. तक्रार अशी की ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावला की मागची चाके आधी जाम होतात आणि गाडी आडवी फिरू पाहते. ब्रेक पॅड, ड्रम, ब्रेक ऑइल सगळे तपासून झाले, काही सापडेना. त्या गाडीला एबीएस नव्हते. मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा एक व्हॉल्व्ह होता आणि त्याची दांडी मागच्या आसाला जोडलेली होती. मागची बाजू बसली म्हणजे गाडीत माल आहे, असे समजून तो व्हॉल्व्ह मागे जास्त दाब सोडतो. स्प्रिंग आखूड केल्यापासून त्या बिचाऱ्या व्हॉल्व्हच्या मते गाडी कायमच भरलेली होती. दांडीचे माप नव्या उंचीला जुळवल्यावर तक्रार संपली. आजच्या बऱ्याच गाड्यांत हे काम इलेक्ट्रॉनिक पद्धतीने होते, पण जुन्या गाडीत हात घालण्याआधी मागच्या आसापाशी अशी दांडी आहे का, ते वाकून पाहावे.

याच जातीची एक चूक मात्र नव्या-जुन्या सगळ्या गाड्यांत होते. लोअर आर्मचे रबरी बुश, म्हणजे त्याच्या जोडावरच्या रबरी नळ्या, गाडी जॅकवर लोंबकळत असताना आवळले, तर ते त्याच स्थितीत पकडले जातात आणि गाडी चाकांवर उतरताच कायमचे पिळलेले राहतात. पिळलेला बुश स्प्रिंगमध्ये नको असलेला ताठपणा मिसळतो आणि लवकर फाटतो. म्हणून बुशचे बोल्ट आधी फक्त हाताने बसवावेत, गाडी चाकांवर किंवा रॅम्पवर उतरवावी, दोनचार वेळा दाबून बसू द्यावी आणि मगच ठरलेल्या टॉर्कने, म्हणजे ठरावीक पिळाच्या जोराने, आवळावे. तुमचा मेकॅनिक हे करतो की नाही, यावरून त्याचे बाकीचे काम कसे असेल याचा अंदाज बांधायला हरकत नाही.

चाके आणि टायर यांचा विचार आता करू. मूळ १८५/६५ आर १५ या टायरच्या साइडवॉलची उंची १२० मि.मी. आणि पूर्ण चाकाचा व्यास ६२१.५ मि.मी. आहे. १९५/५५ आर १६ घेतला तर व्यास ६२०.९ म्हणजे जवळपास तोच राहतो आणि साइडवॉल १०७ मि.मी. होते. २०५/४५ आर १७ मध्ये व्यास ६१६.३, म्हणजे एक टक्क्याहून कमी फरकाचा, आणि साइडवॉल ९२ मि.मी.ची. २०५/५० आर १७ घेण्याचा मोह होतो, कारण तो खड्ड्यांत बरा. पण त्याचा व्यास ६३६.८ होतो, मूळपेक्षा जवळजवळ अडीच टक्के मोठा. म्हणजे मीटरच्या हिशेबाने गाडी १०० च्या वेगाने चालली असेल तेव्हा ती पूर्वीपेक्षा अडीच किलोमीटर जास्त वेगाने पळत असेल. स्पीडोमीटरविषयीच्या आंतरराष्ट्रीय नियमाची मूळ अट हीच आहे की दाखवलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कमी असता कामा नये. बहुतेक मीटर थोडा जास्तच वेग दाखवतात म्हणून ही चूक झाकली जाते. खाली घेतलेल्या गाडीत मोठ्या व्यासाचा टायर मडगार्डला घासतो, ते मात्र झाकले जात नाही.

साइडवॉलमधले २८ मि.मी. गेले म्हणजे रस्ता आणि धातूच्या रिममधली हवेची गादी जवळपास पाव भागाने कमी झाली. तीक्ष्ण कडेच्या खड्ड्यात टायर रिमपर्यंत चेपला जातो, आतले धागे तुटतात आणि साइडवॉलवर फुगवटा येतो. असा टायर दुरुस्त होत नाही, तो फेकावाच लागतो. लोखंडी रिम अशा धक्क्याने वाकते आणि ठोकून सरळ होते. अलॉयला तडा जाण्याची शक्यता असते. ताठ स्प्रिंग आणि कमी साइडवॉल या दोन गोष्टी एकाच वेळी केल्या तर एकीची कसर दुसरी भरून काढत नाही, दोन्ही मिळून धक्का थेट बॉडीत पोहोचवतात. मला कोणी दोनपैकी एकच बदल निवडायला सांगितला, तर कुटुंबाच्या गाडीसाठी मी १६ इंची चाके घेईन आणि स्प्रिंगला हात लावणार नाही.

वर ज्या खुणेचा उल्लेख केला ती भारक्षमतेची. टायरवर मापाच्या पुढे एक आकडा आणि एक अक्षर असते, उदाहरणार्थ ८८ एच. १८५/६५ आर १५ साठी तो आकडा साधारणपणे ८८ असतो, म्हणजे एका टायरला ५६० किलो. साध्या २०५/४५ आर १७ टायरचा आकडा मात्र ८४ असतो, म्हणजे ५०० किलो. टायर रुंद आणि महाग असला तरी तो अधिक वजन पेलतो असे नाही, कारण वजन रबर पेलत नाही, आतली हवा पेलते, आणि इथे हवेची जागा कमी झाली आहे. मागच्या आसाची कमाल अनुमत भारमर्यादा ९०० किलो असेल, तर प्रत्येक चाकावर ४५० किलो येतात. मूळ टायरकडे ११० किलोंची शिल्लक होती, साध्या १७ इंची टायरकडे ती ५० वर येते. म्हणून या मापात टायरवर एक्सएल किंवा एक्स्ट्रा लोड असे लिहिलेले आणि ८८ आकडा असलेलाच टायर घ्यावा. मात्र एक्सएल टायरची ही क्षमता २.९ बार, म्हणजे सुमारे ४२ पीएसआय, दाबाला मोजलेली असते, तर साध्या टायरची २.५ बारला, म्हणजे सुमारे ३६ पीएसआयला. दरवाजाच्या चौकटीवर चिकटवलेल्या तक्त्यातला जुना दाब नव्या टायरला लागू होत नाही. टायर बनवणाऱ्याच्या तक्त्यावरून आपल्या भारासाठी नवा दाब काढून तो त्या तक्त्याशेजारी चिकटवून ठेवावा, नाहीतर हवा भरणारा माणूस जुनाच आकडा वाचेल.

रिम निवडताना ऑफसेटकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होते. रिमच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबवर (चाक ज्या भागावर बोल्टने बसते त्यावर) टेकणारा पृष्ठभाग यांच्यातल्या अंतराला ऑफसेट म्हणतात आणि ते रिमवर ईटी या अक्षरांपुढे लिहिलेले असते. मूळ रिम ६ इंच रुंद आणि ईटी ४५ असेल आणि नवी ७ इंच, ईटी ४० घेतली, तर बाहेरची कड १७.७ मि.मी. बाहेर आणि आतली कड ७.७ मि.मी. आत जाते. बाहेरचे १७.७ मडगार्डला विचारायचे आणि आतले ७.७ स्ट्रटला. शिवाय चाकाची मध्यरेषा प्रत्येक बाजूला ५ मि.मी. बाहेर सरकली, एवढ्याने बेअरिंगवर फार फरक पडत नाही. पण दिसायला छान म्हणून ईटी २५ ची रिम घेतली, तर ब्रेक लावताना आणि एका चाकाखाली खड्डा आला की स्टिअरिंग झटके देऊ लागते, बेअरिंगही लवकर वाजायला लागतात. मूळ ऑफसेटपासून ५ मि.मी.च्या आत राहणे हा नियम मी स्वतः पाळतो.

बोल्टच्या वर्तुळाचा व्यास, ज्याला पीसीडी म्हणतात, तो अगदी तंतोतंत जुळला पाहिजे. ४ बोल्टच्या ९८ आणि १०० मि.मी. या दोन मापांमध्ये फरक इतका थोडा आहे की चुकीची रिम ओढूनताणून बसते, आवळलेलीही वाटते, आणि नंतर बोल्ट सैल होतात. मधले भोक हबपेक्षा मोठे असेल तर योग्य मापाच्या कड्या घालून रिम मध्यावर आणावी, नाहीतर बॅलन्सिंग कितीही केले तरी ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरते. नट किंवा बोल्टची बैठक शंकूच्या आकाराची आहे की गोलाकार, तेही पाहावे. शंकूच्या जागी गोलाकार बोल्ट लावला तर तो फक्त एका बारीक कडेवर टेकतो. अलॉयची बोल्टची जागा जाड असते, म्हणून लांब बोल्ट लागू शकतात. १२ मि.मी. व्यासाच्या, दीड मि.मी. पिचच्या (आट्यांमधल्या अंतराच्या) बोल्टला किमान आठ पूर्ण फेरे आत गेले पाहिजेत, ते हाताने मोजावेत.

अलॉय म्हणजे हलके, हा समज दुकानात गेल्यावर तराजूने तपासावा. १७ इंची स्वस्त ओतीव अलॉय मूळच्या १५ इंची लोखंडी चाकापेक्षा जड निघणे अजिबात दुर्मीळ नाही, आणि तिचे वजन केंद्रापासून दूर असल्याने वेग घेताना आणि ब्रेक लावताना ते अधिक जाणवते. चाकावर मानकाची खूण असावी. जेडब्ल्यूएल ही जपानच्या मानकाची खूण निर्माता स्वतःच्या चाचण्यांच्या आधारे लावतो, व्हीआयए ही खूण स्वतंत्र तपासणीनंतर मिळते. या चाचण्यांत चाक वाकवून फिरवण्याची, भाराखाली फिरवण्याची आणि तिरक्या कोनात वजन आपटण्याची अशा तीन कसोट्या असतात. खूण नसलेली, ओळखीच्या नमुन्याची नक्कल केलेली रिम कितीही सुंदर असली तरी घेऊ नये.

टायर घासतो का, हे पाहण्याची रीत अशी. आधी फक्त एक पुढची रिम टायरशिवाय हबवर लावून ती हाताने फिरवावी आणि ब्रेक कॅलिपर व आरे यांच्यात किमान ३ मि.मी. अंतर आहे याची खात्री करावी. मग पुढची स्प्रिंग काढून स्ट्रट तसाच बसवावा, टायर चढवलेले चाक लावावे आणि जॅकने चाक हळूहळू बंप स्टॉप पूर्ण दबेपर्यंत उचलत न्यावे. दर २० मि.मी.ला थांबून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे. स्ट्रट आणि टायर यांच्यात ५ मि.मी.पेक्षा कमी अंतर मी कधी मान्य करत नाही. अंतर डोळ्यांना दिसत नसेल तिथे मुलांच्या खेळातल्या मऊ मातीचे गोळे मडगार्डच्या आत चिकटवावेत. चेपलेल्या गोळ्याची जाडी म्हणजे उरलेले अंतर. हे सगळे जमण्यासारखे नसेल, तर निदान गाडी पूर्ण भरावी, एक पुढचे आणि विरुद्ध बाजूचे मागचे चाक ठोकळ्यांवर चढवावे आणि उरलेल्या दोन चाकांभोवती नव्हे, तर चढवलेल्या दोन चाकांभोवती हात फिरवून पाहावा. मडगार्डची आतली कड लाटून वळवणे हा शेवटचा उपाय आहे. तिथला रंग तडकला की गंज तिथूनच सुरू होतो.

जोडणी झाल्यावर उंची मोजताना जमिनीपासून मडगार्डपर्यंत मोजू नये, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजावे, म्हणजे टायर आणि हवेचा दाब हिशेबात येत नाहीत. डाव्या-उजव्या मापांत ५ मि.मी.हून अधिक फरक असेल तर स्प्रिंग बैठकीत नीट बसलेली नाही. नव्या स्प्रिंग दोनचारशे किलोमीटरमध्ये आणखी थोड्या बसतात, म्हणून व्हील अलाइनमेंट जोडणीच्या दिवशी आणि नंतर पुन्हा एकदा, अशी दोनदा करावी. गाडी खाली घेतल्यावर टायर आतून झिजतात म्हणून कॅम्बरला बोल लावला जातो. बहुतेक वेळा खरा दोषी टो असतो, आणि तो जुळवणे सोपे असते. हेडलाइटचा झोत पुन्हा लावावा, आणि काचेमागे कॅमेरा किंवा जाळीमागे रडार असलेली गाडी असेल तर त्यांचे कॅलिब्रेशनही करावे, कारण गाडीचा कल बदलला की त्यांची नजरही बदलते. गाडी जिथे नोंदलेली आहे तिथले नियम आणि विमा कंपनीचे लेखी उत्तर हे काम सुरू करण्याआधीच हातात असावे.

स्टेपनीचा विचार सगळ्यात शेवटी होतो, आणि तो रात्रीच्या पंक्चरच्या वेळी आठवतो. १५ इंची लोखंडी स्टेपनी ठेवायला हरकत नाही, कारण वर दिलेल्या मापांत तिचा व्यास नव्या चाकांच्या जवळपास आहे. पण ब्रेक मोठे केले असतील तर ती बसते का ते पाहावे, आणि अलॉयचे लांब बोल्ट तिला चालत नाहीत. ते पातळ लोखंडी रिममधून आरपार जाऊन मागे ब्रेकच्या भागांना टेकू शकतात. मूळ बोल्टचा एक पूर्ण संच कापडात बांधून स्टेपनीच्या खोबणीतच ठेवावा. नवी चाके पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर, थंड असताना, टॉर्क पान्याने पुन्हा एकदा आवळावीत. आकडा गाडीच्या पुस्तकात असतो आणि अशा गाड्यांना तो साधारण ९० ते १२० न्यूटन-मीटरच्या दरम्यान येतो.